अश्वत्थाम्याची वाटी

दुधाचा प्रश्न माणसाच्या आयुष्यात तीनदा येतो. पहिल्यांदा जन्मल्याबरोबर येतो. तो आपण रडून सोडवतो. दुसऱ्यांदा बिऱ्हाड मांडल्यावर येतो. तो गवळ्याशी हुज्जत घालून सुटत नाही, पण निदान अंगवळणी पडतो. तिसऱ्यांदा येतो तो आजोबा झाल्यावर. तेव्हा रडायचं वय राहिलेलं नसतं, आणि हुज्जत घालायला समोर गवळी नसतो. समोर असते दुकानातली एक लांबलचक फळी आणि तिच्यावर ओळीनं मांडलेले पुठ्ठ्याचे डबे. सोयाचं दूध, बदामाचं दूध, ओटचं दूध, नारळाचं दूध! प्रत्येक डब्यावर एक हसरं कुटुंब. आमच्या कुटुंबाचं चित्र त्या सुमारास कोणी काढलं असतं, तर तो डबा फुकट वाटूनही संपला नसता.

त्याचं असं झालं. आम्ही राहतो तळवड्याला. एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला सॉफ्टवेअरवाल्यांच्या काचेच्या इमारती, आणि मधोमध आम्ही. १९९७ साली हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं, पण गाव ते गावच. कंपनीच्या बसगाड्यांच्या रांगेत एखादी म्हैस अशी ठामपणे उभी राहते, की ड्रायव्हरच खाली उतरून तिची समजूत घालतो. त्या म्हशींपैकी चार आमच्या गवळीमामांच्या. मामांचा गोठा आमच्या इमारतीच्या मागे. त्यामुळे दूध ताजं, आणि मामांचा उपदेशही ताजा.

आमचा नातू पाच वर्षांचा. उन्हाळ्यात त्याला जुलाबाचा आजार झाला आणि तो बरा झाल्यावरही दूध प्यायलं, की त्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगू लागलं. बालरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, की दुधात लॅक्टोज नावाची साखर असते, ती पचवायला आतड्यात लॅक्टेज नावाचं विकर लागतं, आणि अशा आजारानंतर मुलांच्या आतड्यात ते काही काळ कमी पडतं. काही आठवडे दूध बंद ठेवा, मग थोडं थोडं दही देऊन पाहू.

"पण मग दुधाऐवजी काय द्यायचं?" सूनबाईंनी विचारलं.

"वरण-भात, अंडं, भाजी. आणि पेला हवाच असेल, तर बाजारात पर्याय पुष्कळ आहेत. मात्र डब्यावरचं बारीक अक्षर वाचून घ्या. सगळी पांढरी पेयं सारखी नसतात. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला यातलं काहीही दूध म्हणून देऊ नका, असं शेजारीपाजारीही सांगा."

त्या रात्री घरात परिषद भरली. सूनबाईंचं मत ओटच्या बाजूनं, कारण त्यांच्या ऑफिसातली कॉफी ओटवर चालते. चिरंजीव बदामाकडे झुकले, कारण ते महिन्याचे पैसे भरून व्यायामशाळेत अधूनमधून जातात. आमच्या हिचं माहेर मालवणचं, तेव्हा तिथं नारळाशिवाय दुसरा उमेदवारच नव्हता. मी सोयाबीन सुचवलं, कारण ते स्वस्त होतं. आणि माझी आई? वय वर्षं शहाऐंशी. ती एवढंच म्हणाली, "पोराला पीठपाणी पाजायची वेळ आली म्हणायची या घरावर!" आणि उठून आत गेली.

निर्णय लागला नाही. तेव्हा रीतीप्रमाणे या विषयाची माहिती काढण्याचं काम माझ्याकडे आलं. निवृत्त माणसाला घरात दोनच कामं मिळतात, रांगेत उभं राहणं आणि माहिती काढणं. मी वाचनालयाची वाट धरली. आईचा 'पीठपाणी' हा शब्द मात्र डोक्यातून जाईना.

कारण दुधाऐवजी पीठपाणी पिणारं आपल्याकडचं सर्वांत नामांकित मूल म्हणजे अश्वत्थामा. महाभारताच्या आदिपर्वात ही हकीकत खुद्द द्रोणाचार्य सांगतात. घरात गाय नाही. श्रीमंतांची पोरं दूध पिताना पाहून अश्वत्थाम्यानं भोकाड पसरलं. द्रोण गाय मिळवायला वणवण फिरले, पण हात हलवत परत आले. तोवर इतर पोरांनी पाण्यात पीठ कालवून त्याला पाजलं होतं. तो ते प्यायला आणि "मी दूध प्यालो, मी दूध प्यालो" म्हणत नाचू लागला. भोवतालची मंडळी हसली. ते हसणं द्रोणांच्या जिव्हारी लागलं. ते उठले आणि बालमित्र द्रुपदाकडे गेले. द्रुपदानं अपमान केला. म्हणून द्रोण हस्तिनापुरात आले, शिष्यांकरवी द्रुपदाला पकडून आणवला, त्याचा सूड म्हणून द्रुपदानं यज्ञ केला, आणि त्या यज्ञातून धृष्टद्युम्न आणि द्रौपदी निघाले. पुढचं सगळं आपल्याला ठाऊक आहे. थोडक्यात, अठरा अक्षौहिणी सैन्य ज्या युद्धात कापलं गेलं, त्याच्या अनेक मुळांपैकी एक मूळ त्या पीठपाण्याच्या वाटीत आहे. दुधाच्या पर्यायाची निवड चुकली, तर प्रकरण कुठवर जातं पाहा!

एक गंमत सांगतो. लहानपणी आईनं मला सगळं महाभारत तोंडी सांगितलं होतं. बकासुर सांगितला, लाक्षागृह सांगितलं, कर्णाचं चाक रुतलं तेव्हा आम्ही दोघंही रडलो. पण ही वाटीची गोष्ट तिनं कधी सांगितली नाही. ती मी शाळेच्या वाचनालयात वाचली आणि घरी येऊन तिला विचारलं. "असेल," एवढंच म्हणाली आणि भांडी घासायला मोरीत गेली. भांडी आधीच घासलेली होती.

महाभारतातच दुसरा एक मुलगा आहे, उपमन्यू. अनुशासनपर्वातला. त्याच्याही आईनं पीठ पाण्यात कालवून "घे बाळ, दूध" म्हणून दिलं. पण हा पठ्ठ्या एकदा नातेवाइकांकडे यज्ञाला गेला होता आणि तिथं खरं गाईचं दूध प्यायला होता. त्यानं एक घोट घेतला आणि आईला सांगितलं, की हे दूध नव्हे. आईनं डोळे पुसले आणि त्याला शंकराची आराधना करायला सांगितलं. त्यानं इतकं घोर तप केलं, की शंकरानं त्याला दुधाचा समुद्रच देऊन टाकला.

म्हणजे जगात मुलं दोन प्रकारची. अश्वत्थामा छापाची आणि उपमन्यू छापाची. आमचा नातू कुठल्या छापाचा, ते दुसऱ्याच दिवशी कळलं. सूनबाईंनी ओटचा डबा आणला, त्याच्या नेहमीच्या स्टीलच्या पेल्यात ओतला, आणि "बघ, दुद्दू" म्हणून पुढे केला. त्यानं एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि आईकडे अशा नजरेनं पाहिलं, की सूनबाईंना ऑफिसला उशीर होत असल्याचं एकदम आठवलं.

उपमन्यू! आणि आमच्याकडे शंकराचा वशिला नाही.

मी नेटानं वाचत राहिलो. या प्रश्नानं भल्याभल्यांना छळलं आहे, असं दिसू लागलं. गांधीजींचंच घ्या. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडलं. ते निभावलं सहा वर्षं. १९१८ साली खेडा जिल्ह्यात ते जबर आजारी पडले, आणि १९१९ च्या सुरुवातीला मुंबईत डॉक्टर दलालांनी त्यांना सरळ सांगितलं, की दूध घेतल्याशिवाय तुमचं शरीर मी पुन्हा उभं करू शकत नाही. गांधीजी म्हणाले, माझं व्रत आहे. हे संभाषण खाटेजवळ उभ्या असलेल्या कस्तुरबा ऐकत होत्या. त्यांनी तोडगा काढला. व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती ना? मग शेळीचं दूध घ्यायला काय हरकत? जगभर गाजलेली ती शेळी अशी एका गृहिणीच्या हजरजबाबीपणातून जन्माला आली. घराघरातले कूटप्रश्न शेवटी कोण सोडवतं, हे यावरून वाचकांनी ओळखावं.

गांधीजींच्या मनाला मात्र ती शेळी टोचत राहिली. व्रताचं अक्षर पाळलं पण आत्मा सुटला, असं त्यांनी आत्मकथेत मोकळेपणानं लिहिलं आहे. दुधाइतकाच पोषक आणि पचायला हलका असा वनस्पतींतला पर्याय कोणा वैद्य-हकीम-डॉक्टरांना माहीत असेल, तर त्यांनी तो कळवावा, असं आवाहनही त्यांनी केलं. फक्त एक अट घातली, पुस्तकात वाचलेलं नको, अनुभवाचं हवं. ही अट आज लागू केली, तर आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांचे फोन कायमचे शांत होतील.

पुढे १९३५ साली वर्ध्याला मगनवाडीत त्यांनी सोयाबीनचे प्रयोग सुरू केले आणि 'हरिजन'मधून त्यावर लिहिलं. त्याच सुमाराला बडोदे संस्थानात एफ. एस. काळे हे गृहस्थ सोयाबीनच्या मागे लागले होते. १९३६ साली त्यांनी सोयाबीनवर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं, त्यात तीनशे पाककृती! एका शेंगेचे तीनशे पदार्थ करणारा मराठी आडनावाचा माणूस, आणि आपण मात्र आजवर सोयाबीन म्हटलं की एक ती स्पंजासारखी वडी ओळखतो. आज लातूरपासून विदर्भापर्यंत शिवारंच्या शिवारं सोयाबीननं भरलेली असतात. तेल निघतं, पेंड कोंबड्यांना जाते. दूध काढायचं कोणाच्या मनात येत नाही.

चिन्यांच्या मनात ते कित्येक शतकांपूर्वी आलं. सोयाबीन भिजवायचं, वाटायचं, गाळायचं, उकळायचं, झालं दूध. ते नासवलं की पनीरासारखं टोफू. हाँगकाँगमध्ये १९४० साली के. एस. लो यांनी गोरगरिबांच्या पोषणासाठी सोयाच्या दुधाचा धंदा काढला, तेव्हा बाटल्या सायकलीवरून दारोदार जात. म्हणजे गवळीच, फक्त म्हैस वजा. युरोपात मध्ययुगात उपासाच्या दिवसांत जनावराचं दूध वर्ज्य, म्हणून श्रीमंतांच्या मुदपाकखान्यात बदाम वाटून त्यांचं दूध काढीत. आपल्याकडे उपास म्हटला की दुप्पट खाणं, हे केवळ आपलंच वैशिष्ट्य नाही, हे वाचून बरं वाटलं. आणि ते ओटचं दूध? ते अगदी अलीकडचं, १९९० च्या दशकातलं. स्वीडनमध्ये लुंड विद्यापीठातल्या रिकार्ड ओस्ते यांनी विकरं वापरून ओटमधल्या पिठूळ भागाचं गोड द्रवात रूपांतर केलं, ते मुळात ज्यांना दूध पचत नाही अशांसाठी.

आणि अशांची संख्या थोडीथोडकी नाही. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढ माणसांना दुधातली साखर नीट पचत नाही. मूल आईचं दूध पितं तोवर लॅक्टेज भरपूर. पुढे ते ओसरत जाणं, हीच माणसाची मूळची प्रकृती. ज्यांच्या पूर्वजांनी हजारो वर्षं गुरं राखली, त्यांच्यातल्या काहींमध्ये एक लहानसा आनुवंशिक बदल टिकला आणि त्यांना जन्मभर दूध पचू लागलं. म्हणजे मोठेपणी दूध पचणं हा अपवाद, न पचणं हा नियम! मी हे आईला मोठ्या उत्साहानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग ताक प्या." यावर विज्ञानाकडेही फारसं उत्तर नाही, कारण विरजणात त्या साखरेचा काही भाग जंतू आधीच फस्त करतात. आपल्या पूर्वजांनी पेलाभर दुधापेक्षा दही-ताकाचं एवढं प्रस्थ का माजवलं, ते असं उलगडतं.

एव्हाना आमच्या फ्रिजमध्ये पाच दुधं झाली होती. नातवासाठी आणलेलं आणि त्यानं नाकारलेलं ओट, चिरंजीवांचं बदाम, हिचं नारळ, माझं सोया, आणि आईसाठी मामांचं म्हशीचं. एका सकाळी माझ्या चहात बदाम पडलं, चिरंजीवांच्या व्यायामोत्तर पेल्यात म्हैस पडली, आणि सोलकढीत ओट गेल्यामुळे हिनं दोन दिवस अबोला धरला.

मामांना हे कळायचं राहिलं नाही. अर्धा लिटर कमी झालं, की गवळ्याला घरातली सगळी बातमी कळते. जिन्यात मला गाठून ते म्हणाले, "सायेब, इचारू का एक? त्या बदामाला आचळं कुठं असत्यात?"

मामांना वाटलं, आपण विनोद केला. मी त्यांना सांगितलं, की हाच मुद्दा अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाचे प्रमुख स्कॉट गॉटलिब यांनी २०१८ साली जाहीरपणे मांडला होता, बदाम काही दुभत नाही म्हणून. मात्र २०२३ साली त्याच कार्यालयानं मसुदा काढला, की चालेल, दूध म्हणा, कारण लोकांना फरक समजतो. युरोपातल्या न्यायालयानं २०१७ साली उलटा निकाल दिला, की वनस्पतीच्या पेयाला दूध म्हणून विकायचं नाही. पण त्यातही अपवाद ठेवले, नारळाचं दूध चालेल, फ्रेंचांचं बदामाचं दूध चालेल! आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानंही २०२१ साली असल्या पेयांच्या डब्यांवरून 'दूध' हा शब्द उतरवायला सांगितला. मामांनी हे सारं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे सरकार आपल्या बाजूनं हाय." आणि दोन मजले ताठ मानेनं चढले.

आता मामांचा मान राखून सांगतो, की ज्याला आपण 'खरं दूध' म्हणतो त्याचा इतिहासही फार सोवळा नाही. लहानपणी सुट्टीत दादरच्या आत्याकडे गेलो, की पहाटे तिच्याबरोबर आरेच्या केंद्रावर बाटल्या घेऊन रांगेत उभं राहायचं. गोरेगावची आरे वसाहत १९४९ सालची, दारा खुरोडींच्या पुढाकारानं उभी राहिलेली. याच खुरोडींनी १९४६ च्या सुमाराला 'टोन्ड' दूध काढलं. म्हशीचं दाट दूध, त्यात पाणी आणि लोणी काढलेल्या दुधाची भुकटी. एका लिटरचे दोन लिटर, किंमत कमी, आणि गरिबाच्या पोरालाही पेला मिळतो. पुढे १९७० साली ऑपरेशन फ्लड सुरू झालं. त्याच्या पहिल्या टप्प्यात युरोपातून देणगीदाखल आलेली भुकटी आणि लोण्याचं तूप मिसळून मुंबईसारख्या शहरांत दूध तयार होई. म्हणजे दादरला आत्या मला "पी, गोठ्यातलं आहे" म्हणून जे पाजायची, त्यातला गोठा कदाचित हॉलंडात असेल! त्यात वाईट काही नव्हतं. देशात दूध कमी होतं, ते असं पुरवलं, आणि त्यातूनच पुढे आपल्या गोठ्यांत दूध वाढलं. सांगायचा मुद्दा एवढाच, की 'अस्सल' हा शब्द दुधाच्या बाबतीत जरा बेतानंच वापरावा.

तसा तो डब्यांच्या बाबतीतही बेतानंच वापरावा. डॉक्टरीणबाईंच्या सांगण्याप्रमाणे मी भिंग घेऊन बारीक अक्षर वाचायला बसलो. गाईच्या दुधात शंभर मिलिलिटरला साधारण तीन ग्रॅम प्रथिनं आणि एकशेवीस मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. याच्या जवळपास प्रथिनं देणारं एकटं सोया. ओट त्याच्या तिसऱ्या हिश्शावर, नारळ जवळजवळ शून्य. कॅल्शियम वरून घातलेलं असेल तरच. नसेल तर नाव मोठं आणि लक्षण खोटं. चिरंजीवांच्या बदामाच्या डब्यावर लिहिलं होतं, बदाम शेकडा चार. उरलेलं बहुतेक पाणी. किंमत तीनशे रुपयांच्या घरात. मामांनी शंभरात नव्वदावर पाणी घातलं असतं, तर आम्ही पोलिसात गेलो असतो. इथं आम्ही रांग लावून पैसे दिले आणि पिशवीचे वेगळे दिले.

म्हणून मी सोयाचं दूध घरीच काढायचं ठरवलं. रात्री भिजवलं, सकाळी वाटलं, गाळलं. घरात असा वास सुटला, की हिनं गॅस तपासला आणि शेजाऱ्यांनी गटार. मागाहून वाचनात आलं, की सोयाबीन थंड पाण्यात वाटलं, की त्यातलं एक विकर तेलाशी झटापट करतं आणि हा उग्र वास निघतो. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात त्यावर तोडगा निघाला, की वाटायचंच उकळत्या पाण्यात. शिवाय वाटल्यावर चांगलं खळखळून शिजवायचं, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये पचनात अडथळा आणणारी द्रव्यं असतात. दुसऱ्या खेपेला मी तसं केलं. वास गेला. चवही बरी लागली. पण पहिल्या खेपेची अब्रू घरात परत आली नाही.

माझी अब्रू जात असताना ही शांतपणे नारळ खवत होती. "अहो, एवढी कसली पुस्तकं वाचता? आमच्याकडे पहिल्यापासून नारळाचा रस काढतात. पहिला दाट, दुसरा पातळ. शिरवाळ्यांबरोबर गूळ घालून, सोलकढीत, माशाच्या कालवणात. आम्ही कोणी त्याला म्हशीच्या दुधाऐवजी म्हणून प्यायलो नाही. तो रस आहे, म्हणून प्यायलो."

हे वाक्य मला एकदम खटकलं, म्हणजे चांगल्या अर्थानं. मग मला आपल्याच बोलीतल्या खुणा दिसू लागल्या. कुरडयांसाठी तीन दिवस गहू भिजवून, वाटून, गाळून जो पांढरा द्रव निघतो, त्याला आपण म्हणतो चीक. नुकत्याच व्यालेल्या गाईच्या दाट दुधालाही चीक, ज्याचा खरवस होतो. गाईला आणि गव्हाला एकच शब्द! ज्वारी हुरड्यात यायच्या आधी शेतकरी म्हणतो, कणसात दूध भरलंय. रुईचंही दूध, वडाचंही दूध, कच्च्या पपईचंही दूध, यातलं कुठलंच पिण्याचं नव्हे, हे वेगळं सांगायला नको. न्यायालयं जो वाद घालताहेत, तो आमच्या भाषेनं केव्हाच मिटवून टाकला होता. सगळ्यांना दूध म्हणायचं, आणि तरी कोणाची फसगत होऊ द्यायची नाही, कारण कोणाचं दूध, ते आधी सांगायचं.

फसगत आमच्याच घरात चालली होती. सूनबाईंनी बिचारीनं प्रेमापोटी एक युक्ती काढली. ओटमध्ये साखर आणि वेलची घालायची, मामांची किटली त्याच्यासमोर ठेवायची, आणि सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "मामांनी आणलेलं दूध!" तालीमसुद्धा झाली. किटली पुढे सरकली. तेवढ्यात आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. असा आवाज मी तिच्या तोंडून फार वर्षांत ऐकला नव्हता.

"पोराला खोटं सांगू नका!"

सगळे गप्प. आई भिंतीला धरत बाहेर आली. "नाचणी आहे का घरात?" तिनं विचारलं.

नाचणी मी आणली. आईचं माहेर जुन्नरकडच्या डोंगरातलं, तिकडे नाचणीवरच पिढ्या वाढल्या. तिनं ती रात्रभर भिजवली, मोड आणले, पाट्याऐवजी मिक्सरला नावं ठेवत वाटून घेतली, जुन्या धोतराच्या तुकड्यातून गाळली, पातेल्यात निवू दिली, वरचं पाणी काढलं, खाली बसलेला गोळा ताटात पसरून वाळवला. आमची ही शेजारी बसून पाहत होती. "आई, आमच्या चिकासारखंच की हो हे!" ती म्हणाली. सासू-सुनेचं चाळीस वर्षांत एवढं एकमत मी पाहिलं नव्हतं. हे सगळं पाण्यात शिजवून, गूळ आणि हिच्या नारळाचा दाट रस घालून वाटी तयार झाली. रंग पांढरा नव्हे, मातकट गुलाबी. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं; गाळताना त्यातलं काही चोथ्यात जातं, म्हणून तो चोथा थालिपिठात घालायचा, हेही आईनंच सांगितलं. ती कॅल्शियम हा शब्द वापरत नाही. ती म्हणते, हाडाला बरं.

नातवानं वाटीत डोकावून पाहिलं. "पणजी, हे दूध आहे?"

आम्ही सगळे श्वास रोखून उभे. सूनबाईंनी डोळ्यांनी खुणावलं, हो म्हणा.

"नाही रे राजा," आई म्हणाली. "हे दूध नाही. हे सत्त्व आहे. माझ्या आईनं मला दिलेलं. बघ आवडतंय का, नाही आवडलं तर राहू दे."

त्यानं चमचा घातला. एक घेतला, मग दुसरा. उपमन्यूनं वाटी चाटून पुसून ठेवली. तप नाही, शंकर नाही.

रात्री जेवणं झाल्यावर मी गॅलरीत आईजवळ बसलो. समोर सॉफ्टवेअरवाल्यांच्या इमारतींचे दिवे, मागे मामांच्या म्हशींचं हुंकारणं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुला ती वाटीची गोष्ट मी कधी सांगितली नाही. अश्वत्थाम्याची."

"हो."

"तू पाच वर्षांचा होतास. चिंचवडला खोली होती आपली. ह्यांचं काम सुटलं होतं. पलीकडच्या घरात पोरं दूध प्यायची, तू दारात उभा राहून बघायचास. एक दिवस फार हट्ट केलास. मी तांदळाची पिठी पाण्यात कालवली, साखर होती चमचाभर ती घातली, आणि म्हटलं, घे, दूध."

मी काही बोललो नाही. साठ वर्षांनी काय बोलणार?

"मी प्यायलो?" थोड्या वेळानं मी विचारलं.

"प्यायलास." ती हसली, पण पदर डोळ्यांकडे गेला. "आणि नाचलास. खोलीभर."

मग मला कळलं, की घासलेली भांडी त्या दिवशी पुन्हा का घासली गेली. द्रोणाचार्यांना पीठपाण्याची लाज वाटली नव्हती. पिठात वाईट काय आहे? माणसं पिठावरच जगतात. लाज वाटली ती लेकरानं त्याला दूध समजून नाचण्याची. आईनं साठ वर्षं जपली ती तीच लाज. वाटीला तिच्या नावानं हाक मारायची मुभा त्या दिवशी तिच्याकडे नव्हती. आज होती, म्हणून तिनं ती वापरली.

डॉक्टरीणबाईंनी पुढे दही सुरू केलं, ते नातवाला मानवलं. मामांचं दूध पुन्हा पाव लिटरनं वाढलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर सरकार आपल्या बाजूनं असल्याचं समाधान दिसलं. ओट सूनबाईंच्या कॉफीत गेलं, नारळ सोलकढीत, आणि माझं सोया दर रविवारी उकळत्या पाण्यात वाटलं जातं. बदामाचा डबा रिकामा झाल्यावर चिरंजीवांनी दुसरा आणला नाही. मूठभर बदामच आणले. ते स्वस्त पडले.

आणि एका दुपारी, घरात कोणी नसताना, मी आईला म्हटलं, "मला ती पिठीची वाटी करून दे ना, तशीच." ती आधी नको म्हणाली, मग उठली. वाटी माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "हे पीठपाणी आहे हं."

मी प्यायलो. साखर जरा कमी होती, पण ते मी बोललो नाही. नाचायचं तेवढं राहिलं. गुडघे दुखतात.